डबीतला वास आणि निखाऱ्यावरचा वास

गेल्या अंकात उटण्याबद्दल लिहिलं आणि या महिन्यात टपालात उदबत्तीचीच पत्रं जास्त आली. श्रावण तोंडावर आहे, त्यामुळे नवल नाही. सगळ्यांना जागा पुरणार नाही. ज्या पत्रांत अनेक घरांची अडचण दिसली ती घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच: लग्न होऊन मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरात आले तेव्हा आमच्या सोप्यात पाटावर उदबत्त्या वळल्या जायच्या. मसाला कालवायला आणि नाक वापरायला मामंजींनी शिकवलं. पुढं तीस वर्षं पूजासाहित्य आणि अत्तराचं दुकान चालवलं. इथं लिहिते ते त्या पाटावरचं आणि त्या दुकानातलं.

चंदनाच्या उदबत्तीचे दोन पुडे आणलेत, एक वीस रुपयांचा आणि एक दोनशेचा. वीसचा उघडला की घर घमघमतं. महागाचा नाकाशी धरला तरी फारसा वास येत नाही. आमची फसवणूक झाली का? (एक वाचक भगिनी, कागल)

ताई, दुकानदाराशी भांडायच्या आधी एक करून बघा. उद्या सकाळी, फोडणी पडायच्या आधी, माजघरात स्वस्त पुड्यातली एक काडी लावा. तुम्ही बाहेर जा. काडी विझल्यावर तासाभरानं आत या आणि काय वास उरलाय ते बघा. परवा तेच महागाच्या काडीचं करा. मामंजी मला हेच करायला लावायचे. "डबीत नाक घालू नगंस पोरी, इझल्यावर ये आन् मग सांग काय ऱ्हायलंय." मी अंगणात तुळशीपाशी थांबायची, ते आतून हाक मारायचे.

आता असं का होतं ते सांगते. बाजारातल्या बहुतेक स्वस्त उदबत्त्या कच्च्या बत्तीपासून होतात. कच्ची बत्ती म्हणजे बांबूच्या काडीवर कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगट, म्हणजे ओली झाली की गोंदासारखी धरणारी सालीची पूड. तिला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मग ती सेंटमध्ये बुडवतात. हे सेंट डीईपी नावाच्या, म्हणजे डायइथाइल थॅलेट या बिनवासाच्या द्रवात पातळ केलेलं असतं. काडी निथळून वाळली की पुड्यात. वास सगळा वरच्या अंगाला, म्हणून पुडा फोडला की तो आधी तुमच्यावरच येतो.

मसाला बत्तीत वास आत असतो. चंदनाची भुकटी, मुळं, डिंक वस्त्रगाळ करून जिगटात मळायचे आणि तो गोळा काडीवर वळायचा. अशी काडी थंड असताना गप्प असते. पेटली की टोकाशी निखारा धरतो, आणि निखाऱ्याच्या लगेच मागचा पट्टा नुसता तापतो. त्या तापलेल्या पट्ट्यातून, आग पोचायच्या आधी, लाकडातलं तेल वाफ होऊन सुटतं. आपल्याला येतो तो सुवास त्या वाफेचा. आग पोचल्यावर उरतो तो धूर. म्हणून उदबत्तीला ज्वाळा ठेवायची नसते, फुंकून लगेच निखाऱ्यावर आणायची असते. आणि वास घ्यायचा तो दोन हात लांबून; धुरात नाक घातलं की चंदन आणि सागाचा भुसा यांत फरक कळत नाही.

चंदनाचं तेल या कामाला का चांगलं? त्यात सँटॅलॉल नावाचे घटक असतात, चांगल्या तेलात ९० टक्क्यांच्या आसपास. ते जड असतात, सावकाश उडतात, म्हणून कपड्यात आणि भिंतीत रेंगाळतात. पण हे तेल झाडाच्या गाभ्यात आणि मुळातच असतं. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नाही. झाड मोठं होतं ते शेजारच्या झाडाच्या मुळांत आपली मुळं घुसवून. चंदन लावणारे शेतकरी म्हणून त्याच्या बाजूला तूर टाकतात, पुढं सुरू किंवा तसलं मोठं झाड. गाभा धरायलाच दहा-बारा वर्षं जातात. म्हैसूरला १९१६ साली चंदनतेलाचा कारखाना निघाला, आणि शेजारच्या कर्नाटकात आपल्या शेतातलं चंदन आपलं म्हणायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला तो २००१ च्या कायद्याने. त्याआधी तिथं कुणाच्याही बांधावर उगवलं तरी झाड सरकारचं. कोण लावणार मग? माल दुर्मीळ झाला त्याला हेही एक कारण आहे.

गाभ्याचा भाव किलोला हजारोंत आहे. तेव्हा वीस रुपयांत चंदन मिळणार नाही हे उघड आहे. पण पुड्यावर 'चंदन सुगंध' लिहिलं असेल तर त्याला फसवणूक म्हणता येत नाही. वासाची नक्कल मिळाली, ती नक्कल म्हणून वापरा. दोनशेच्या पुड्यातही निव्वळ चंदन नसेल, थोडं चंदन आणि बाकी इतर लाकूड असेल. ते चालतं. खरा वास कसा असतो याची खूण घरातच आहे: देवघरातलं खोड सहाणेवर उगाळा. तो दुधट, थंड, किंचित तुपासारखा वास लक्षात ठेवा. उदबत्ती विझल्यावर खोलीत त्याची आठवण यावी.

एका दिवाळीला आम्हीच फसलो होतो. एका व्यापाऱ्याकडून चंदनाची भुकटी आली, रंग ठीक, वासही ठीक. दोन दिवस वळणाऱ्या चार बायका बसल्या होत्या. सुकल्यावर पहिली काडी लावली तर पाच मिनिटांनी घरात वखारीला आग लागल्यासारखा वास. पांढरं लाकूड दळून त्यावर सेंट शिंपडलेलं. मामंजींनी तो सगळा माल परसात नेऊन पुरला. बायकांची मजुरी दिली. "देवाम्होरं लावायचा माल हाय" एवढंच म्हणाले. त्यानंतर आमच्याकडं आलेली कुठलीही भुकटी आधी तव्यावर चिमूटभर तापवून बघितल्याशिवाय आत घेतली नाही. तुम्हालाही सांगते, भुकटी घेताना ही तव्याची परीक्षा सोडू नका.

ऊद, लोबान, धूप, राळ, गुग्गुळ: दुकानात प्रत्येक जण वेगळंच काहीतरी हातात देतो. नेमकं काय काय आहे? बाळाला धुरी द्यायला कोणतं घ्यावं? (राजारामपुरीतून एक नवी आई)

बाई गं, या शब्दांचा गुंता दुकानदारांनी केलेला नाही, तो कित्येक शतकांचा आहे. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, आणि सुवासाच्या बाबतीत ते अगरूचं लाकूड. आपली 'उदबत्ती' तिथून आली. अगरू आसामात होतो. झाडाला बुरशी लागली की त्या जखमेभोवती काळी राळ साठते आणि सगळा सुवास त्या राळेत. निरोगी झाडाला वास नाही. इतका महाग जिन्नस रोजच्या शेगडीवर कोण टाकणार? पण नाव राहिलं, आणि आपण मराठी माणसं ऊद म्हणू लागलो ते दुसऱ्याच एका डिंकाला.

तो डिंक सुमात्रा आणि लाओसकडून येतो, स्टायरॅक्स जातीच्या झाडांचा. अरब व्यापारी त्याला लुबान जावी, म्हणजे जावाकडचा लोबान म्हणायचे. निखाऱ्यावर टाकला की व्हॅनिलासारखा गोड, जड वास येतो, कारण त्यात व्हॅनिलिन असतंच. आमच्याकडं गुरुवारी संध्याकाळी बाबूजमाल दर्ग्याकडून गुजरीच्या बाजूला चालत आलात तर हाच वास भेटेल. अंबाबाईच्या देवळाच्या अंगानं पुढं गेलं की त्यात कापूर आणि फुलं मिसळतात. मी डोळे मिटून या रस्त्यानं गेले तरी कुठं पोचले ते सांगू शकेन.

अरबांचा मूळ लोबान वेगळा, तो ओमान आणि सोमालियाकडच्या झाडाचा. त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडं आहे: साळई. सातपुड्यात, मेळघाटात, विदर्भाच्या कोरड्या डोंगरांवर साळईची झाडं आहेत. तिचा डिंक लिंबाच्या सालीसारखा, जरा टर्पेंटाइनच्या अंगानं जाणारा, स्वच्छ वास देतो. मला स्वतःला पावसाळ्यात घरात साळईच आवडते. उदाचा गोडवा दमट हवेत चिकटून बसतो.

राळ ही सालवृक्षाची. भरपूर पांढरा धूर, वास साधा. धुपात ती धुरासाठी घालतात. आणि गुग्गुळ हे कच्छ-राजस्थानकडच्या काटेरी झुडपाचं. वास कडवट, मातकट, औषधी. लोभापायी खोल चिरा मारून डिंक काढला की झुडूप मरतं. आज ते नष्ट होण्याच्या काठावर असलेल्या वनस्पतींत धरलं जातं. औषधाला लागतं तेवढं वैद्यांना राहू द्यावं, रोज धुपाला जाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय बाजारात गुग्गुळ म्हणून साळईच पुष्कळदा मिळते.

दुकानात ओळखायचं असेल तर खडा तोंडाशी धरून गरम श्वास सोडा. ऊद गोड लागेल, साळई लिंबाळ, गुग्गुळ कडू, राळ जवळजवळ मुकी.

बाळाचं मात्र नीट ऐका. आमच्या आत्याबाई माझ्या दोन्ही मुलांना शेगडीवर उदाची धुरी द्यायच्या, टोपल्याखाली निखारे ठेवून. हेतू प्रेमाचाच होता. त्या काळच्या ओल्या, थंड बाळंतिणीच्या खोलीत ऊबही मिळायची. पण धूर तो धूरच, आणि बाळाची फुप्फुसं इवलीशी असतात. नातीच्या वेळी मी बाळाला धुरी दिली नाही. तिची दुपटी आदल्या दिवशी टोपल्यावर पसरून उदावर धरली, मग उन्हात झटकली. कपड्याला वास राहिला, बाळाच्या नाकात धूर गेला नाही. तसं करा.

मोगऱ्याच्या उदबत्तीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' लिहिलेलं आहे. विश्वास ठेवावा का? (एक वाचक, इचलकरंजी)

नाही. मोगऱ्याचं फूल वाळवून बघा, उद्या त्याला गवताचा वास येईल. मोगरा, जाई, चमेली ही फुलं खुडल्यावरही काही तास वास तयार करत राहतात; फूल मेलं की तो कारखाना बंद. म्हणून वाळलेली फुलं दळून बत्तीत घातली तर नुसता पाचोळा जळतो. उत्तरेत कनौज या अत्तरांच्या गावी तांब्याच्या डेगेत ताजा मोगरा घालून त्याची वाफ चंदनतेलात धरतात, दक्षिणेत फुलांतून द्रावकानं अर्क काढतात. दोन्ही खरे, दोन्ही इतके महाग की उदबत्तीच्या भावात बसत नाहीत. आणि ते नाजूक वास निखाऱ्यावर टिकतही नाहीत. जाळायला देवानं लाकूड, मूळ, साल आणि डिंक दिलेत. फूल ओंजळीत घ्यावं, वाटीत पाण्यावर तरंगत ठेवावं.

मोगऱ्याची उदबत्ती आवडत असेल तर जरूर लावा, फक्त नैसर्गिक या शब्दाचे जादा पैसे मोजू नका.

आमच्याकडं पाऊस फार. भेट मिळालेली नागचंपा उदबत्ती राखाडी रंगाची आहे आणि हाताला चिकट, ओलसर लागते. खराब झाली का? (गगनबावड्याहून एक शिक्षक)

गुरुजी, उलट चांगली निघण्याची शक्यता जास्त. जुन्या पद्धतीच्या नागचंपात हलमड्डी नावाचा डिंक घालतात. आपल्याकडच्या महारुखाच्या कुळातलंच एक उंच झाड पश्चिम घाटात दक्षिणेकडं होतं, केरळात त्याच्या लाकडाच्या आगकाड्या करतात. त्याच्या खोडातून हा चिकट राखाडी डिंक येतो. तो आणि मध एकत्र कालवले की मसाला मऊ राहतो आणि हवेतलं पाणी ओढतो. गगनबावड्यात तर ओढायला भरपूर. बोटानं दाबल्यावर जरा दबत असेल, आणि वास आंबूस नसेल, तर ती ठीक आहे.

पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर मात्र टाकून द्या. नसेल तर पत्र्याच्या डब्यात, तळाला तव्यावर भाजून गार केलेले मूठभर तांदूळ फडक्यात बांधून ठेवा. चुलीच्या वर, माळ्यावर ठेवलात तर आणखी बरं. उन्हात घालू नका, वास उडतो.

नावाबद्दल एक. नागचाफा म्हणजे नागकेशराचं झाड, आणि सोनचाफा वेगळा. या उदबत्तीत ज्या चाफ्याचा वास अभिप्रेत असतो तो बहुतेक सोनचाफ्याचा. पण त्या प्रसिद्ध वासाचं अर्धं अंग हलमड्डी आणि चंदनाचं आहे, फुलाचं नाही. म्हणून कोरड्या, कुरकुरीत नागचंपात ती गोलाई येत नाही.

चैत्रात जोतिबाला जाऊन आलो की वाहिलेल्या दवण्याच्या काड्या घरी सुकतात. त्या धुपात वापरता येतील का? घरच्या घरी धूप कसा करावा? (एक वाचक, पन्हाळा तालुका)

दादा, तुमच्या पत्रानं माझा एक सकाळचा वेळ आनंदात गेला. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेला गुलालात बुडालेली माणसं, सासनकाठ्या, 'चांगभलं'ची गर्जना, आणि त्या सगळ्यातून मध्येच नाकाला शिवून जाणारा दवणा. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला तो वास फणस आणि कापूर एकत्र ठेवल्यासारखा वाटला होता. आत्याबाईंना तो चहासारखा लागायचा. दवण्याच्या तेलात दवणोन नावाचा घटक मुख्य असतो. अत्तरवाले सांगतात की हे तेल वेगवेगळ्या माणसांच्या कातडीवर वेगळा वास देतं. त्यामुळे आमचं दोघींचंही खरं असेल.

पण दवणा एकटा जाळू नका. तो फळाचा गोडवा आगीत लगेच जातो आणि मागं कडू पाल्याचा धूर राहतो. इतर जिनसांत थोडा घातला तर कडेला हिरवी छटा देतो. बाकीचा कपाटात साड्यांच्या घडीत ठेवा, तिथं तो महिनोन्महिने बोलतो.

धुपाचा पाया तुमच्या शेतातच आहे. उसात लव्हाळा माजतो, त्याला शिव्या देत आपण तो उपटतो. त्याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात ना, त्याच मोथा. उटण्यात आपण जो नागरमोथा घालतो तो याच कुळातला. गाठी धुऊन, वरची मुळं जाळून किंवा खरवडून, फोडून वाळवा. वास लाकडाचा, मातीचा, किंचित कापराचा, आणि तो आगीत टिकतो. तणनाशक मारलेल्या रानातल्या गाठी मात्र घेऊ नका. दुसरा जिन्नस वाळा. उन्हाळ्यात माठात टाकलेली जुडी वास गेल्यासारखी वाटते, पण वाळवून दळली की तिच्यात अजून बरंच शिल्लक असतं. उटण्यातला गव्हला कचोराही चालतो, आणि तिखटाच्या मसाल्यातलं दगडफूल. हो, कांदा-लसूण मसाल्यात जातं तेच. दगडफूल सुवास धरून ठेवतं, अत्तरवालेही ते वापरतात. चवीपुरतं घाला, जास्त झालं तर घरात वाटणाचा वास येतो.

माझं माप असं. नागरमोथा दोन वाट्या, वाळा एक, गव्हला कचोरा अर्धी, दवणा पाव वाटी, दगडफूल दोन चमचे, ऊद किंवा साळईचा डिंक पाऊण वाटी, आणि मैदालकडीची पूड दीड वाटी. मैदालकडी काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. तिची साल म्हणजेच जिगट, ओली झाली की गोंदासारखी धरते आणि सावकाश जळते. सगळं वेगवेगळं कुटून वस्त्रगाळ करा. डिंक उन्हाळ्यात कुटताना खलाला चिकटतो, म्हणून पहाटे कुटा. कोमट पाणी थोडं थोडं घालत भाकरीच्या पिठापेक्षा जरा घट्ट मळा, रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवा. सकाळी करंगळीएवढ्या कांड्या वळून सावलीत आठ दिवस वाळवा. रोज उलटवा, नाहीतर वाकतात.

पहिल्या खेपेला विझेल, तेव्हा खचू नका. बहुतेकदा कारण एकच असतं: डिंक जास्त. डिंक वितळून निखाऱ्यावर पसरतो आणि त्याला हवा मिळत नाही. पुढच्या खेपेला तो निम्मा करा. चमचाभर तूप घालायची पुष्कळांची पद्धत आहे. मी घालत नाही, जळक्या तुपाचा वास मुळांच्या वासावर बसतो.

यात चंदन नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मुद्दाम घातलेलं नाही. चंदन नसलं की धूप होत नाही असं लोकांना वाटतं, आणि मग नकली भुकटी घरात येते.

बांबू जाळला की वंश जळतो म्हणतात. मग उदबत्ती लावावी की नाही? (सासू-सुनेचं एकत्र पत्र, गडहिंग्लज)

संस्कृतात वंश म्हणजे बांबू आणि वंश म्हणजे कूळही. त्यात तिरडीला बांबू लागतो, म्हणून तो चुलीत घालत नाहीत. ही भावना जुनी आहे आणि तिचा मान ठेवावा. माझं म्हणणं वासापुरतं: मसाला संपतो तिथून पुढं नुसती काडी धुमसू लागली की चांगल्या मसाल्याची चव जाते. सूनबाई, काडीचा मसाल्याचा भाग संपत आला की ती राखेत खुपसून विझवा. सासूबाईंना काडी नकोच असेल तर वर दिलेला बिनकाडीचा धूप करा. दोघींचं समाधान होईल.

भीमसेनी कापूर आणि साधा कापूर यांत काय फरक? (एक वाचक, शिरोळ)

मूळ भीमसेनी कापूर बोर्निओ-सुमात्राकडच्या एका प्रचंड वृक्षाच्या खोडाच्या भेगांत सापडणारे खडे. त्यात बोर्निऑल असतं. साधा कापूर वेगळ्या झाडाचा, आणि आज वड्यांत मिळतो तो बहुतांशी चीडाच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेला. दोन्ही राख न ठेवता जळतात. भीमसेनीचा वास मऊ, मिरमिरीत लाकडासारखा, डोळ्यांना कमी झोंबणारा. बाजारात वेडेवाकडे खडे केले की त्याला भीमसेनी म्हणायची रीत पडली आहे, त्यामुळे आकारावर जाऊ नका. आणि लहान मूल घरात असेल तर कापूर, कोणताही, उंच आणि बंद डबीत. पोटात गेला तर मुलाला झटके येऊ शकतात.

आईंना दमा आहे. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितलं, पण देवापुढं वास नसेल तर त्यांना पूजा झाल्यासारखी वाटत नाही. नैसर्गिक उदबत्ती चालेल का? (शिवाजी पेठेतून एक सूनबाई)

चालणार नाही. शुद्ध चंदनाचा धूर आणि रद्दीचा धूर, दोन्हींत फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण असतात. नैसर्गिक म्हटल्यानं ते कमी होत नाहीत. दुकानात मी वर्षानुवर्षं पुडे विकले, तरी हे मी मन घट्ट करून लिहिते, कारण माझ्या मामंजींची शेवटची पाच वर्षं खोकल्यात गेली. पाटाशी बसून, बंद सोप्यात, रोज वीस-वीस काड्या लावून माल तपासणारा माणूस. खिडकी उघडू द्यायचे नाहीत, वाऱ्यानं वास कळत नाही म्हणून.

तुमच्या आईंसाठी असं करा. सकाळी त्यांच्यासमोर सहाणेवर चंदन उगाळा, त्यांनाच उगाळू द्या. हाताला काम आणि नाकाला चंदन. तांब्यात वाळ्याची जुडी भिजत घाला आणि तो तांब्या देवाजवळ ठेवा. संध्याकाळी मोगऱ्याची दहा-बारा फुलं वाटीत. दवणा, मरवा मिळाला तर देवाच्या मागं एक काडी खोचा. गंधाक्षतांचा मान धुपाइतकाच आहे, हे त्यांना कुणा भटजींकडून सांगवलंत तर त्यांना पटेल. दमा असलेल्यांना नुसत्या वासाचाही कधी त्रास होतो, तेव्हा सुरुवातीला एकाच गोष्टीनं करा आणि डॉक्टरांना विचारून पुढं जा.

वडील दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचे. त्यांच्या सदऱ्याला हिन्याचा वास असायचा. ते गेल्याला सहा महिने झाले. हिना नावाच्या चार उदबत्त्या आणून पाहिल्या, एकीलाही तो वास नाही. कुठं मिळेल? (जयसिंगपूरहून एक मुलगी)

पोरी, तो वास उदबत्तीत शोधू नकोस.

दत्ताला हिना लावायची पद्धत आपल्याकडं मोठी आहे, आणि वडिलांच्या सदऱ्यावर होतं ते अत्तर. हिना म्हटलं की मेंदीचं फूल डोळ्यासमोर येतं, पण अत्तरवाल्यांचा हिना त्याहून पुष्कळ मोठा असतो. कनौजला जटामांसी, नागरमोथा, दगडफूल, कापूरकाचरी, लवंग, जायफळ, केशर असे कितीतरी जिन्नस दिवसेंदिवस डेगेत उकळून त्यांची वाफ चंदनतेलात उतरवतात. प्रत्येक घराण्याचा मेळ वेगळा. म्हणून दोन दुकानांतला हिना एकसारखा नसतो, आणि उदबत्तीला फक्त त्याची वरवरची नक्कल लावता येते. शिवाय हे अत्तर अंगाच्या उबेवर उमलतं. तुला आठवतो तो वास अर्धा हिन्याचा आणि अर्धा तुझ्या वडिलांचा आहे.

अत्तराचा तो मेळ सापडू शकतो. वाडीला ते कुठल्या दुकानात थांबायचे ते त्यांच्याबरोबर जाणाऱ्या कुणाला विचार. नेमानं जाणारी माणसं सहसा दुकान बदलत नाहीत. पौर्णिमेच्या गर्दीत जाऊ नकोस, आडवारी सकाळी जा, उपाशीपोटी. एका वेळी तीनच वास घे, पुढचे तीन तासाभरानं. 'मेंदीचा हिना' नको, 'मसाल्याचा हिना' दाखवा म्हण. काचेच्या बुचावर हुंगून ठरवू नकोस. कापसाचा बोळा करून घरी आण, दुसऱ्या दिवशी सकाळी बघ. पहिल्या घटकेला सगळे हिने वेगळे वाटतात, रात्र उलटल्यावर जो उरतो तो सदऱ्यावरचा.

सापडला की चंदनाच्या साध्या मसाला बत्तीवर आदल्या रात्री बोटानं एक थेंब पुसून ठेव आणि सकाळी लाव. थेट निखाऱ्यावर ओतू नकोस, जळून जाईल.

तोवर सदरा धुऊ नकोस. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत घडी करून ठेव, आणि वाडीला जाताना बरणी बरोबर ने.